तो घोडा नव्हता

सोमवार, ३ मार्च

आजपासून भूतकाळ बंद.

काल बायको मला मन हलकं करायच्या शिबिराला घेऊन गेली. तिथल्या बाई म्हणाल्या की काही माणसं जात्याच हळवी असतात, त्यात कलावंत असतील तर विचारूच नका, जुन्या आठवणी त्यांना जन्मभर सलतात. बोलताना त्या सारख्या माझ्याकडेच बघत होत्या. (बायकोचं म्हणणं, माझ्या डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, त्या पंख्याकडे बघत होत्या.) उपाय असा की आठवण कागदावर लिहायची आणि कागद फाडून टाकायचा.

कागद ठीक आहे सामान्य माणसाला. मी बेकरीत केकवर आयसिंग करतो. मी आठवणी क्रीमने लिहिणार आणि खाऊन टाकणार. विषय मुळासकट संपला पाहिजे.

बुधवार, ५ मार्च

पहिला प्रयोग. उरलेल्या स्पंजचा छोटा केक केला, त्यावर लिहिलं, 'चित्रकलेच्या सरांनी माझा सूर्योदय उलटा टांगला.' बाईंनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले आणि खाल्ला. मन हलकं, पोट जड.

भट्टीवाल्याने विचारलं की रडतोयस का. म्हटलं, कांद्याने. तो म्हणाला की केकच्या टेबलावर कांदा कुठून आला. रुक्ष माणूस. बिस्किटं भाजून भाजून तसाच झालाय.

शनिवार, ८ मार्च

प्रगती उत्तम. आज माझ्या लग्नातला फोटोग्राफर संपवला. त्याने मला 'काका, जरा नवरदेवाला पुढे येऊ द्या' असं सांगितलं होतं. नवरदेव मीच होतो.

मालकांनी विचारलं की उरलेला स्पंज हल्ली जातो कुठे. मी म्हणालो, भूतकाळात. ते तसेच गल्ल्याकडे निघून गेले. भारावले असावेत.

पँटचं बटण तुटलं. हल्ली शिवणारे धागा कच्चा वापरतात.

मंगळवार, ११ मार्च

आज मुख्य आठवण घ्यायची होती. ताईची. धीर झाला नाही.

मी चौथीत होतो. ताईच्या वाढदिवसाला मी तिचं चित्र काढलं, दोन वेण्या घातलेली, एका बाजूने. दुपारभर खपून. ताईने ते मैत्रिणींसमोर उंच धरलं आणि म्हणाली की बघा, आमच्या छोट्याने घोडा किती गोड काढलाय. एका मैत्रिणीने घोड्याचं नाव विचारलं. मी एक नाव सांगितलंसुद्धा. काय करणार.

तेव्हापासून मी ताईशी तुटक वागतो. ती दर रविवारी फोन करते, मी कामात असतो, फोन बायकोच्या हातात देतो. बायको म्हणते की एकदा काय ते सांगून मोकळे व्हा, त्या बिचारीला पत्ताही नाही. बायकोला कलावंताचं मन कळत नाही. अशा गोष्टी सांगायच्या नसतात, समोरच्याने ओळखायच्या असतात.

गुरुवार, १३ मार्च

भाऊजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा फोन. शनिवारी ताईची पन्नाशी. केक छोट्याच्याच हातचा हवा आणि छोट्या स्वतः यायला हवा, असं ताईने बजावलंय म्हणे. मी थंडपणे 'बघतो' म्हणालो. बघतो म्हणजे येतो, असं समजून त्यांनी आभार मानले.

बेत ठरला. एकाच मापाचे दोन केक. तिचा शुभेच्छांचा तिच्या घरी जाईल, माझा दुःखाचा माझ्या पोटात. मग निर्मळ मनाने पार्टीला.

शनिवार, १५ मार्च, सकाळ

दोन्ही केक झाले. तिच्यावर 'ताई, पन्नाशीच्या शुभेच्छा', दोन गुलाब. माझ्यावर 'ताई, तो घोडा नव्हता, ती तू होतीस' एवढंच लिहायचं होतं, पण हात थांबेना. वरची जागा संपली, मग गोल गोल कडेपर्यंत आलो, तिथून खाली उतरलो, शेवटच्या चार ओळी खालच्या पुठ्ठ्यावर. सर्वांत बारीक नोझल, गुलाबी क्रीम. वाचून स्वतःलाच हुंदका आला. डोळे पुसत पुसत खोके बंद केले, लेबलं चिकटवली. एक खोका गाडीतून ताईकडे गेला.

दुपार

मागच्या खोलीत बसलो. डोळे मिटून खायला घेतलं. घासागणिक ताईला माफ करत गेलो. निम्म्याहून जास्त माफ झाल्यावर डोळे उघडले. समोर एक गुलाब आणि 'च्छा' एवढंच उरलं होतं.

माझ्या मजकुरात 'च्छा' कुठेच नव्हतं.

थोड्या वेळाने

भट्टीवाला म्हणाला की अजून वेळ आहे, धावत जा आणि केक बदलून आण. मी म्हणालो, माझं पोट दुखतंय. ते खरंही होतं.

नीट विचार केल्यावर वाटतं, झालं ते बरंच झालं. लेबल चुकलं असं म्हणता येणार नाही, कला आपली वाट आपण शोधते. आता ताई वाचेल, रडेल, धावत येईल. मी लगेच माफ करणार नाही. दोन दिवस तरी जाऊ देईन.

संध्याकाळ

पार्टीला गेलो नाही. बायको एकटी गेली. फोन बंद करून चादर डोक्यावरून घेतली आहे. भीती वगैरे नाही, विश्रांती.

रविवार, १६ मार्च

बायकोने सकाळी सगळं सांगितलं.

केक कोणी वाचलाच नाही. त्यावर अक्षरं आहेत हे बायकोखेरीज कोणाला कळलं नाही. ताईने खोका उघडला आणि घरभर मिरवला, की बघा छोट्याने काय नाजूक वेलबुट्टी काढलीय, असा हात आमच्या घराण्यात कोणाला नाही. भाऊजी मेणबत्त्या लावायला गेले तर नक्षी मोडेल म्हणून त्यांना हात लावू दिला नाही. आणि कापायचाही नाही. छोट्या येईल, मग कापू. तास झाला, दीड तास झाला, पाहुण्यांची मुलं रडायला लागली. शेवटी कापताना ताईचे डोळे भरून आले. बायकोला बाजूला घेऊन तिने विचारलं की इतकी वर्षं छोट्या माझ्यावर कशासाठी रागावलाय, तुला काही बोललाय का.

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस. बायको म्हणाली, काय सांगणार, म्हटलं पोट बिघडलंय त्यांचं.

फार वाईट वाटलं मला, अगदी खरं वाईट.

मग मी आपणहून ताईला फोन लावला. पहिल्यांदाच. सगळं एका दमात सांगायचं ठरवलं होतं, वाक्यं पाठ केली होती. तिने उचलल्या उचलल्या विचारलं की छोट्या, पोट कसं आहे. मी म्हणालो, बरं आहे. पुढचं वाक्य येईना, म्हणून विचारलं, येऊ का?

ती म्हणाली की केक सगळा संपला रे, पण तू ये, तुझ्यासाठी पथ्याचं काहीतरी करते.

निघतोय. माझं पोट बिघडलेलं नाही, हे तिला कसं सांगायचं त्याचा विचार वाटेत करीन.