नायकाला बरं करण्याची घाई

चि. लेखिकाबाईंस (म्हणजे आमच्या भाचीसच, पण पुस्तक छापून आलेल्या माणसाला नुसतं 'गधडे' म्हणणं आता शोभत नाही), धाकट्या मामाचे उदंड आशीर्वाद. इकडे माझा गुडघा सोडला तर सर्वांच्या प्रकृती उत्तम. मामी विचारते, तू वेळेवर जेवतेस, की फक्त तुझी पात्रंच जेवतात?

तुझ्या कादंबरीचं वाचन काल आमच्या वाचनालयात झालं. तुझा अडखळत बोलणारा नायक मला मनापासून आवडला. आजवर असा माणूस पुस्तकात यायचा तो लोकांना हसवायला, नाहीतर शेवटी मरून इतरांना शहाणं करायला. तुझा नायक नोकरी करतो, भांडतो, प्रेमात पडतो. आमच्या संस्कृत नाट्यशास्त्रात नायकांचे प्रकार पुष्कळ (धीरोदात्त, धीरललित वगैरे, उभा जन्म मी ते शाळेत पोरांकडून घोकून घेतले), पण नुसतं एक वाक्य बोलायला धीर लागणारा नायक त्यात नव्हता. तो तू आणलास.

वाचायला ग्रंथपालांनी एक नट बोलावला होता. त्याने प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर इमानेइतबारे तीनदा म्हटलं. रुमाल निघाले. माझ्या शेजारी तुझे थोरले मामा, म्हणजे आमचा दादा, बसला होता. त्याचं बोलणं तुला ठाऊकच. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं, पण गिऱ्हाईक समोर आलं की शब्द दाराशी येऊन अडतो. मग दादा दुसरा काढतो. 'डोळा' अडला तर 'नेत्र', तोही रुसला तर 'लोचन'. (त्यामुळे गिऱ्हाइकं त्याला पंडित समजतात आणि मला चष्मेवाल्याचा भाऊ.) चारचौघांत मात्र तो कधी उभा राहिलेला नाही. घरच्या कार्यातही आभार मीच मानतो.

तर हा दादा काल उभा राहिला.

"अहो, हे अड... अडखळणं नव्हे. ही शि... शिलाई मशीन आहे."

नटाने पुस्तक पुढे केलं. "मग काका, तुम्हीच वाचा की!" टोमणाच होता. दादाने पुस्तक घेतलं आणि नायक लग्नाची मागणी घालतो तो प्रसंग काढला. आता छापील वाक्यात शब्द बदलायची सोय नसते, बाई. तिथे 'लोचन' म्हणून सुटता येत नाही. 'माझ्याशी' या शब्दापाशी तो असा थांबला की छताचा पंखा ऐकू येऊ लागला. मी सवयीने खालून शब्द पुरवला. दादाने पुस्तकातून मान वर काढली.

"मा... मागणी कोण घालतंय? तू?"

सभागृह खो-खो हसलं. मग त्याने तो शब्द, सावकाश, स्वतःच्या सवडीने, पुरता उच्चारला आणि प्रसंग शेवटपर्यंत वाचला. एकही माणूस उठला नाही. पहिली टाळी नटाने वाजवली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

परतताना दादा म्हणाला, "पोरीने सुरेख लिहिलंय. पण शेवटी बायकोच्या प्रेमाने तो घ... घडाघडा बोलायला लागतो. त्याला बरं करायची एवढी घाई का? तुझ्या वहिनीचं काय माझ्यावर प्रेम कमी आहे?"

वहिनी पुढे चालत होती. मागे न वळता म्हणाली, "आहे एवढं बोलणंच मला पुष्कळ होतं!"

शेवट गोड असावा हे मलाही मान्य. पण गोड म्हणजे घडाघडा, असं कुठल्या ग्रंथात लिहिलेलं मला तरी आढळलं नाही. विचार कर.

तुझा,
कुठल्याही पुस्तकात नसलेला,
धाकटा मामा

ता. क. तुझ्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशन समारंभात वाचायला कुणी मोठा नट येणार आहे म्हणे. त्याला काहीतरी कारण सांग. दादाला वाचायचं आहे. तो स्वतः तुला म्हणायचा नाही (शब्द अडतो म्हणून नव्हे, थोरला मामा म्हणून). सभागृह जरा जास्त वेळ घे आणि मला शेवटच्या रांगेत बसव. ही त्याची अट.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र दादाला दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "एवढंसं मागायला इतकी पा... पानं? आणि अडखळतो म्हणे मी!"