न पाहिलेला झेल

माधव नगर, उज्जैन
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय अलका,

मागच्या खोलीतलं टेबल मी केलं. सागाचं, देवास गेटजवळ एक जुनं लॉज पाडत होते त्याच्या दरवाजांचं. त्यात एकही खिळा नाही, लाकूड लाकडातच बसवलंय. माईकचा स्टँड मी केला, तुझ्या बंद पडलेल्या टेबलफॅनच्या दांडीचा. भिंतींवरच्या चौकटी मी केल्या, आत जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून भरला, वर तागाचं कापड ताणलं. माईकची वाऱ्याची टोपी माझ्या लोकरी बंडीची बाही कापून शिवली, टाकेही माझेच. दारावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा मी बसवला, जो लागला की तू कुकरची शिट्टी काढून हातात धरून उभी राहायचीस. यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून शिकलो. खोलीत माझ्या हातची नाही अशी एकच वस्तू आहे, खिडकीचा पडदा. त्याच्याबद्दल पुढे लिहितोच.

परवा फोनवर तू विचारलंस, त्या कागदाचं काय केलं. मी म्हटलं, लाईन कटतेय. लाईन चांगली होती. मला फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसलोय. लिहिताना मध्ये तू बोलणार नाहीस, रडणार नाहीस, आणि मला एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बराबर सांगता येईल. उत्तर तुला पटेल असं वाटत नाही. पण आधी सगळं वाच.

इकडचं बरं आहे. कढीपत्त्याला पाणी घालतो. समोरच्या मानसीताईंनी तिळाच्या वड्या दिल्या, गूळ थोडा जास्त चढला होता, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण हळू. रजनीच्या गुडघ्याला आता कसं आहे? तुम्हा बहिणींना पुण्यात थंडी कमी वाजत असेल, तरी शाल बरोबर नेली आहेस ती वापर.

विहंग रेडिओ स्टेशनात लागला तो दिवस तुला आठवतो? तुझं म्हणणं, मुलगा रेडिओवर बोलणार. माझं म्हणणं, बी.कॉम. करून फुकटात तारा गुंडाळणार. झालंही तसंच. मिठाईच्या दुकानावरचा मजला, दोन खोल्यांचं इंटरनेट रेडिओ, आणि सगळ्या खेळांचं खातं भय्यासाहेबांकडे. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. पहिल्याच दिवशी त्याला म्हणाले, “इंटर्न म्हणजे काय ठाऊक आहे का? जो सगळ्यांच्या आधी येतो आणि ज्याचं नाव सगळ्यांच्या शेवटी पाठ होतं.” महिनाभर ते त्याला ‘पोहे’ म्हणत होते, कारण सकाळी खालून पोहे तोच आणायचा. “ए पोहे, केबल ला. पोहे, बॅटरी देख.” घरी येऊन तो त्यांची नक्कल करायचा आणि तू इतकी हसायचीस की पोळी तव्यावर करपायची.

केबल गुंडाळायला मात्र तो माझ्याकडून शिकला. एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे तारेला पीळ पडत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. स्टेशनातली बाकीची पोरं कोपराभोवती गुंडाळायची, दोरीसारखी. भय्यासाहेबांनी विचारलं, “ये किसने सिखाया?” तो म्हणाला, बाबांनी. त्या रात्री जेवताना त्याने हे सांगितलं तेव्हा मी आमटी आणखी वाढून घेतली. तू माझ्याकडे बघत होतीस. तुला कळलं होतं.

मग त्याला फोनवर बसवलं. क्लबांना फोन करून निकाल विचारायचे, आणि प्रत्येक खेळाडूचं नाव घरचे कसं उच्चारतात ते विचारून घ्यायचं. शक्यतो आईला विचारायचं, हा भय्यासाहेबांचा नियम. “नाव चुकलं तर स्कोअर बरोबर असूनही बातमी खोटी.” मला हा माणूस आवडायला लागला तो तेव्हापासून. विहंग कबड्डीतल्या कोणा मुलाच्या आईशी फोनवर इतका वेळ बोलत बसायचा की तिने त्याला एकदा लोणच्याची बरणी पाठवली.

आता ती मॅच. तुला ठाऊक आहे, पण तू त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला गेली होतीस, म्हणून तुला ती त्याच्या तोंडून, हसून सांगितलेली ठाऊक आहे. मी घरी होतो. ती हसण्यासारखी नव्हती.

मोहल्ला क्रिकेटची फायनल. भय्यासाहेबांचा घसा बसला आणि त्यांनी याला म्हटलं, “पोहे, आज तू.” आपल्याकडच्या मैदानांवर बाउंड्रीजवळ ढोलवाला असतो. चौकार गेला की दोन-चार थापा, विकेट पडली की लांबलचक गजर. विहंग बॅट्समनचं नाव कागदावर शोधायला खाली वाकला, तेवढ्यात कोणीतरी उंच मारलं, लोक ओरडले आणि ढोलाचा लांब गजर सुरू झाला. याने मान वर करायच्या आधीच म्हणून टाकलं, “और ये लपक लिया! इसी के साथ केदार की पारी समाप्त!” झेल सुटला होता. गजर चालला होता तो वॉर्डातून निवडून आलेल्या पार्षदसाहेबांच्या स्वागताचा, ते हार घालून घेत मैदानात शिरत होते. याने पुढच्या बॉलला चूक सुधारली, माफी मागितली. पण भैरवगढला त्या केदारचे आजोबा चादरींवर छापाचे ठप्पे मारता मारता फोनवर ऐकत होते. नातू आऊट झाला म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि कामाला लागले. केदारने त्यानंतर मॅच काढली. शेवटचा चौकार त्याचाच. आजोबांनी ते ऐकलंच नाही.

हे याला संध्याकाळी केदारकडूनच कळलं. पोरगा सहज बोलून गेला, तक्रार म्हणून नाही. आपला हा घरी आला तो जेवला नाही. मी म्हटलं, अरे, मोहल्ल्याची मॅच, पार्षदाला शिव्या घाल आणि झोप. तो म्हणाला, “बाबा, मी बघितलं नव्हतं. बघितल्यासारखं बोललो.” एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच. भय्यासाहेब त्याला काही ओरडले नव्हते, फक्त म्हणाले होते, “ऐकणाऱ्याला डोळे नाहीत, बेटा. तुझेच आहेत. उधार दिलेत तू.”

दुसऱ्या दिवशी तो भैरवगढला गेला. मी स्कूटरवर सोडलं, म्हणून मी हे पाहिलंय. आजोबा लांब टेबलावर चादर छापत होते, हात लाल. याने पाय धरले, तर म्हातारा म्हणतो, “अरे छोड़ भिया, तू तो रेडियोवाला है, बैठ.” आणि हा तिथे स्टुलावर बसला आणि झेल सुटला तिथून सगळी पारी त्यांना बोलून दाखवली. बॉल कुठे पडला, केदारने पाय कुठे नेला, कोण धावला. रंगाच्या वासात, माईक नाही, काही नाही. म्हातारा ठप्पा मारायचा थांबला होता. शेवटच्या चौकाराला त्याने टेबलावर थाप मारली आणि ओल्या चादरीवर पाची बोटं उमटली. ती चादर विकण्यातली राहिली नाही, म्हणून त्यांनी वाळवून, धुऊन यालाच दिली. खिडकीचा पडदा म्हणजे तीच. डाव्या खालच्या कोपऱ्यात बघ, पंजा आहे. तुला नेहमी वाटायचं तो डिझाइनचाच भाग आहे.

त्यानंतर तो कधी चुकला नाही असं मी म्हणणार नाही, आकडे चुकायचा. पण न पाहिलेलं कधी बोलला नाही. कोणी आडवं उभं राहिलं तर सरळ सांगायचा, “मुझे नहीं दिखा, अंपायर की उँगली का इंतज़ार करते हैं।” लोकांना तेच आवडायला लागलं. पोरं गल्लीत खेळताना म्हणायची, मुझे नहीं दिखा.

अलका, पुढचं लिहायला नको वाटतंय, पण मी अर्धवट काम ठेवत नाही.

गणपतीत ताप आला. डेंग्यू म्हणाले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तुझा चेहरा बघून त्याने फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सलाईनची कॉमेंट्री केली. “थेंब तयार, थेंब लटकतोय, नर्सदीदी पॅव्हेलियन एंडकडून येताहेत, बाबांनी नळीचा सांधा तपासला, बाबांना तो पसंत नाही.” तू हसलीस. मीही हसलो, सांधा खरंच ढिला होता. सगळे म्हणाले, आता उतार आहे. नंतरचं आपण दोघांनी पाहिलंय. ते मी लिहीत नाही.

मग सुमीत आला, ज्या अ‍ॅपवर स्टेशन चालतं त्या इंदूरच्या कंपनीचा. पोरगा वाईट नाही. चपला बाहेर काढून आला, विहंगच्या फोटोसमोर उभा राहिला, त्याचे डोळे भरले. म्हणाला, अंकल, लोक विचारतात, आमच्याकडे त्याचं इतकं रेकॉर्डिंग आहे, मशीन त्यावरून त्याचा आवाज जशाचा तसा करतं, दर पंधरा मिनिटांचा स्कोअर त्याच्या आवाजात देऊ. नमुना आपल्या दोघांच्या फोनवर पाठवला. कागदावर दोघांच्याही सह्या हव्या होत्या. तू पुण्याहून तुझी करून पाठवलीस, आणि फोनवर म्हणालीस, “अहो, करून टाका सही. दिवसभर घरात त्याचा आवाज असेल. मी लगेच येते.” कढीपत्त्याची चौकशी करावी तितक्या साधेपणाने म्हणालीस. तेव्हापासून मला धड झोप नाही.

तो नमुना मी मागच्या खोलीत, दार लावून, चांगल्या स्पीकरवर ऐकला. खोट काढायलाच बसलो होतो. मला वाटलं, सांधा कुठेतरी दिसेलच. श्वास कुठे घेतो, ‘र’ कसा घासतो, विकेटच्या आधी तो किंचित थांबतो ते. अलका, एकही खोट सापडली नाही. काम चोख आहे. मी कारागीर आहे, हे मला कबूल करावंच लागेल. तो आपला विहंग होता. आणि तो सांगत होता, “और ये लपक लिया!” नमुना आला त्याच आठवड्यातल्या मॅचचा झेल.

त्याने तो झेल पाहिला नव्हता.

मी स्पीकर बंद केला आणि पडद्याकडे बघत बसलो. एका न पाहिलेल्या झेलासाठी जो पोरगा उपाशी झोपला, भैरवगढला जाऊन म्हाताऱ्याचे पाय धरून आला, त्याच्या तोंडून आपण दिवसभर, दर पंधरा मिनिटांनी, न पाहिलेलंच वदवून घेणार? आणि आता भैरवगढला जाऊन माफी मागायला तो नाही. मला तुझं ऐकायचं होतं. देवाशपथ, पेन हातात घेतलं होतं. तू परत येशील एवढ्यासाठी मी काय वाटेल त्यावर सही केली असती. यावर नाही झाली.

माझ्या फोनमधला नमुना मी काढून टाकला. तुझ्या फोनमधल्यावर माझा हक्क नाही. ठेव, ऐक, मी कधी विचारणार नाही.

मी एक नवी वस्तू केलीय. शिसवीची पेटी, रेडिओच्या आकाराची, पुढे भैरवगढच्या कापडाची जाळी आणि एकच खुंटी. आत त्याचं तेवढंच आहे जे तो खरंच बोलला. लोणचंवाल्या बाईंशी फोन आहे, चुकलेला झेल आहे, सलाईन आहे. सगळ्यात आधी रोपमल्लखांबाची कॉमेंट्री ठेवलीय, ज्यात एक मुलगी दोरावर उलटी आसन धरून राहते आणि भय्यासाहेबांनी शिकवल्याप्रमाणे हा बोलायचा थांबतो. दोराची करकर ऐकू येते, हॉलमधला पंखा ऐकू येतो. तो गप्प आहे. पण गप्प तोच आहे, अलका. तिथे, डोळे उघडे ठेवून. खुंटी मी घट्ट केलेली नाही, तुझ्या बोटांना जमेल अशी ठेवलीय. ती तू आलीस की फिरवायची, तोवर मीही फिरवत नाही.

आता ज्यासाठी बसलो ते. शुक्रवारी मी इंदूरला जाऊन आलो. तुझ्या सहीशेजारची जागा कोरी ठेवूनच कागद सुमीतच्या हातात परत दिला. तुला न विचारता दिला, कारण विचारलं असतं तर तू रडली असतीस आणि मी सही केली असती. त्याने बसवून चहा पाजला, साहेबांशी फोनवर बोलून आकडा वाढवलाही. तू नाही आलीस तरी ते मला समजेल. पण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. विहंगच्या आवाजाचे कंपनीवाले सहा लाख रुपये देत होते. मी नाही म्हणून आलो.

तुझाच,
विलास