नकाशात नसलेली भिंत न पाडण्याबाबत

दिनांक : ९ फेब्रुवारी

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
जिन्याला लागून असलेली खोली.

विषय : राहत्या घराची रस्त्याकडील भिंत न पाडण्याबाबत.

संदर्भ : १) तीच भिंत पाडू द्यावी म्हणून अर्जदाराने केलेले तीन अर्ज.
२) तीच भिंत पाडून टाकावी म्हणून आपल्या कार्यालयाने बजावलेली नोटीस.

महोदय,

वरील विषय आणि संदर्भ एकापाठोपाठ वाचल्यास अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही, असे वाटण्याचा संभव आहे. आपल्या कार्यालयाबाहेर बसून अर्ज लिहून देणाऱ्या गृहस्थांनाही तसेच वाटले. "काका, एक काय ते ठरवा," असे ते म्हणाले. शिवाय अर्जात रडू नये, रडलेल्या अर्जावर साहेबांना शेरा मारायला जागा उरत नाही, असा सल्लाही त्यांनी दिला. सबब अर्जदाराने हा अर्ज स्वतःच लिहिला आहे. तो लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदार हा छापखान्यातून निवृत्त झालेला यंत्रचालक आहे. घराच्या पुढच्या खोलीत पत्नीचे शिवणकामाचे दुकान होते आणि त्याला रस्त्याच्या बाजूने रुंद शटर होते. तयार कपड्यांपुढे शिवणकाम मागे पडले आणि दुकान बंद झाले. खोली रिकामी झाली, अर्जदारही रिकामा झाला. रिकामा माणूस काय करील याचा नेम नसतो. अर्जदाराने एका कोंबडीवाल्याकडून जुनी मोटारगाडी विकत घेतली. गाडी गोल दिव्यांची, चार दारांची आणि वयाने अर्जदाराच्या बरोबरीची. भंगारापेक्षाही स्वस्त पडली, कारण तीत कोंबड्या राहत होत्या. त्यातली एक काही केल्या उतरेना, तेव्हा ती त्याने गाडीबरोबर फुकट दिली.

पत्नी म्हणाली, "गाडी आणायला गेलात आणि खुराडं घेऊन आलात." त्यानंतर तिने अबोला धरला. मग कोंबडीने मागच्या सीटवर अंडे घातले. ते काढायला म्हणून पत्नी आत शिरली आणि सीटची उसवलेली शिवण चाचपत बराच वेळ आतच बसून राहिली. बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती आणि ती मापे सांगत होती.

२. गाडी मागे ढकलत खोलीत घेतली, म्हणजे तयार झाल्यावर सरळ नाकासमोर बाहेर पडेल. ही दूरदृष्टी अर्जदाराची. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, ब्रेक बदलले, इंजिन खोलून त्याचे भाग धुऊन जुन्या चादरीवर मांडले. सीटची कव्हरे, छताचे कापड, दारांचे अस्तर हे सर्व पत्नीने शिवले. तिची कडेची शिवण पाहून रंगारीसुद्धा म्हणाला, "वहिनी, गाडीला लग्नाचा कपडा शिवलात." रंगाची वेळ आली तेव्हा मात्र रस्त्याची धूळ शटरच्या फटींतून येऊन ओल्या रंगावर बसू लागली. दोनदा रंग घासून काढावा लागला. शेवटी पत्नीनेच तोड काढली. शटर काढून तिथे भिंत घालायची, जाण्या-येण्यापुरते दार ठेवायचे आणि काम झाले की भिंत पाडायची. गवंड्याने विचारले, "मग गाडी कुठून काढणार?" पत्नी म्हणाली, "बांधणाऱ्याला पाडता येत नाही का? तुम्ही बांधा." अर्जदारासही ते पटले. भिंत उभी राहिली आणि रंग आरशासारखा बसला. पिस्ता रंग, छत तेवढे पांढरे.

३. त्यानंतर एकदाच, सायलेन्सरला पाइप जोडून आणि तो खिडकीबाहेर काढून, अर्जदाराने इंजिन चालू केले. पत्नी तेव्हा शेजारणीकडे होती. आवाज ऐकताच ती शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस? आमची गाडी बोलली." अर्जदाराला आयुष्यात कोणी इतकी मोठी शाबासकी दिलेली नाही.

४. आता फक्त भिंत पाडायची होती. तेवढ्यात आपल्या कार्यालयाचा नवा नियम आला की रस्त्याकडील भिंतीस परवानगीवाचून हात लावू नये. अर्जदार जन्मभर नियमाने वागला आहे. त्याने अर्ज केला. पहिल्या अर्जास घराचा नकाशा जोडलेला नाही, असे उत्तर आले. नकाशा जोडून दुसरा अर्ज केला, तेव्हा नकाशात सदर ठिकाणी शटर असून भिंत नाही, सबब नसलेली भिंत पाडण्याची परवानगी देता येत नाही, असे कळवण्यात आले. तिसऱ्या अर्जात अर्जदाराने लिहिले की भिंत आहे, तिला टेकून अर्जदार हा अर्ज लिहीत आहे. त्यास उत्तर आले नाही.

५. दरम्यान पत्नीचे हृदय थकत गेले. पायांवर सूज येई, चार पावलांत धाप लागे. तिची एकच इच्छा होती. नदीच्या पुलापलीकडे तिची थोरली बहीण राहते. तिच्या दारात या गाडीतून उतरायचे आणि "ताई, बघ, आमची गाडी" म्हणायचे. अर्जदार रोज म्हणे, परवानगी आज-उद्या येईल. त्याला खरोखर तसे वाटत होते.

६. एके दिवशी संध्याकाळी ती येऊन गाडीत शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चला." अर्जदार म्हणाला, "कुठे चला? समोर भिंत आहे." तेव्हा ती उतरली, कपड्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि काचेतून दिसेल अशा बेताने भिंतीवर दोन रेघा ओढल्या. खाली रुंद, वर निमुळत्या. परत येऊन बसली आणि म्हणाली, "हा घ्या रस्ता. आता चला."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडीचे दिवे लावून दोघे बसत. निघण्याआधी ती रस्त्यात काहीतरी भर घाली. आज झाड, उद्या वळण, परवा चहाची टपरी. वळणावर अर्जदार स्टिअरिंग फिरवी आणि ती खरोखर त्या बाजूला कलून "सावकाश हो" म्हणे. टपरीशी तो गाडी थांबवी आणि आतून दोन कप चहा करून आणी. साहेब, बत्तीस वर्षांच्या संसारात इतका प्रवास आम्ही कधी केला नव्हता. रस्ता पुलापर्यंत आला. पलीकडचे बहिणीचे घर मात्र ती काढीना. अर्जदाराने विचारले, तर म्हणाली, "घर काढलं की पोचलो. पोचलो की संपलं. राहू दे जरा."

७. डिसेंबरात एका दुपारी तिला श्वास घेता येईना. दारातून खाट वळेना, म्हणून तिला खुर्चीवर बसवून बाहेर काढले आणि दूधवाल्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेले. घरात चालू स्थितीतली गाडी उभी होती. किल्ली अर्जदाराच्या खिशात होती. खुर्ची गाडीजवळून जाताना तिने बॉनेटवर हात ठेवला आणि धापा टाकत म्हणाली, "झाकून ठेवा हिला. धूळ बसेल." ती परत आली नाही.

८. यानंतर आपल्या कार्यालयाची नोटीस आली. अर्जदाराने स्वतःच कळवल्यावरून सदर भिंत नकाशाबाहेरील व अनधिकृत असल्याचे निष्पन्न झाले असून ती या महिनाअखेर पाडावी, अन्यथा कार्यालय पाडील. अर्जदाराला हसू आले, आणि आल्याचे दुःख झाले. या नोटिशीप्रमाणे आपले कनिष्ठ अभियंता पाहणीस येऊन गेले. गृहस्थ सज्जन आहेत, पाणीही घेतले नाही. परंतु भिंत मोजताना त्यांची मोजपट्टी घासून पुलाचा एका बाजूचा कठडा पुसला गेला. ते म्हणाले, "काका, खडूच तर आहे, पुन्हा काढा." त्यांच्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. खडू गाडीच्या खणात आहे. अर्जदाराने तो दोनदा हातात घेतला आणि परत ठेवला.

९. थोरली बहीण भेटायला आली होती. तिला गाडीत मागे बसवले आणि दिवे लावले. काचेतून ती एकेक वळण बघत पुलापर्यंत गेली. मग डोळे पुसून म्हणाली, "झाडं जरा जास्तच काढलीत. पण वाट बरोबर आहे."

१०. येथवर 'अर्जदार' असे लिहिले, कारण तसे लिहिले की गोष्ट दुसऱ्या कोणाची वाटते. पुढचे तसे लिहिता येत नाही. साहेब, भिंत पाडली तर गाडी बाहेर निघेल हे मला कळते. त्यासाठीच मी तीनदा आपल्या दारात आलो. पण आता बाहेर निघून जाऊ कुठे? शेजारच्या सीटवर कोणी नाही. जिथे ती मला घेऊन जात होती तो रस्ता या भिंतीवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही, आणि पहिल्या घणाला तो खाली येईल. माझी दंड भरण्याची तयारी आहे. नकाशात भिंत घालून देण्याचीही तयारी आहे. माझे आधीचे तिन्ही अर्ज मी केलेच नव्हते असे समजावे.

११. तरीही भिंत पाडणे कार्यालयास भागच असेल, तर त्यापूर्वी आपण स्वतः एकदा संध्याकाळी पाहणीस यावे, ही हात जोडून विनंती. येताना मोजपट्टी आणू नये. पुढची सीट रिकामी ठेवलेली असते, तिथे बसू नये. कृपया मागे बसावे. मागूनही सगळे दिसते. मी दिवे लावीन. पुलापर्यंत आपण सावकाश जाऊ. पुढे घर नाही, ते काढायचे राहिले आहे. तिथे थांबून काय तो निर्णय आपण द्यावा, मी हरकत घेणार नाही.

ज्याची सही आपल्या दुसऱ्या मजल्यावर आता सर्वांना पाठ झाली आहे, असा
आपला विनम्र,

(सही)
अर्जदार
छापखान्यातील निवृत्त यंत्रचालक
राहणार : कोपऱ्यावरचे शिवणकामाचे बंद दुकान

सोबत :
१) पूर्वीच्या तीन अर्जांच्या प्रती.
२) नोटिशीची प्रत.
३) भिंतीचे छायाचित्र, एक. फोटोवाल्याने प्रयत्न पुष्कळ केला, पण खडू उमटलेला नाही. नुसती भिंत दिसते.