दोन फावडी

प्रिय कॅलम,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. काळजी करू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर आपण तुझ्याकडचा उकाडा आणि माझ्याकडचा गारठा एवढं बोलतो आणि ठेवून देतो. आज मला तेवढ्यावर थांबायचं नाही, म्हणून पत्र.

इकडे ऑक्टोबर संपत आला, उन्हाळा तोंडावर आला, तरी पाऊस जेमतेमच झालाय. टाक्या निम्म्या आहेत आणि उतारावरचं गवत आत्ताच पिवळं पडायला लागलंय. तुझ्या जुन्या खोलीच्या पायाशी एका गुबगुबीत वॉम्बॅटने जमीन उकरून नवं बीळ केलंय. तुझे बाबा रोज त्याला शिव्या देतात आणि संध्याकाळी त्याच्यासाठी गाजराची सालं ठेवतात. उत्तरेचा तापलेला वारा अजून सुरू झालेला नाही, पण निलगिरीची सालं सुटून खाली पडायला लागलीत. चालताना पायाखाली ती कुरकुरली की मला वणवाच दिसायला लागतो. पूर्वी असं होत नव्हतं.

पूर्वी मला या घराचा भरवसा होता. तुला आठवतं, आपण तंबूत राहायचो आणि नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून या घराच्या विटांसाठी चिखलात पेंढा तुडवायचो? तू गुडघ्यापर्यंत चिखलाने माखायचास आणि मी तुला बादलीभर पाण्यात धुवायची, कारण त्याहून जास्त पाणी नव्हतंच. गावातली जुनी शाळा पाडली तेव्हा तिच्या खिडक्या आणल्या. त्यातल्या दोन सारख्या उंचीच्या म्हणून नाहीत. लोक गाडी थांबवून म्हणायचे, "मर्व्ह, विटा भाजायला विसरलास की काय?" तुझे बाबा म्हणायचे, "सूर्याला सांगितलंय, तो भाजतोय." भिंतीतली माती आपली, छतावरचं पाणी आपलं, दिव्यातलं ऊन आपलं. विजेची तार या फाटकाच्या आत कधी आली नाही. ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं: कुठली टाकी कुठल्या नळाला, कुठला पाइप कुठे गाडलाय. कागदावर एक रेघ नाही. मी म्हटलं की म्हणायचे, "अगं, बांधणाऱ्याला नकाशा कशाला?" मलाही ते पटायचं. कुठलंही यंत्र कुरकुरलं की मी "मर्व्ह" अशी हाक मारायची, झालं माझं काम.

वणवा आला तर छतावर पाणी उडवणारी ती आगीची लाइन तर तुम्ही दोघांनीच टाकलीत. तू तेव्हा सोळाचा, आणि तो चर खणताना तुमचं जे काही वाजायचं ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. व्हॉल्व्हला प्लास्टिकचं झाकण घालू या असं तू म्हणालास. बाबा म्हणाले, आग आली की ते वितळणार आणि नाही आली की शंभर वर्षं कचरा म्हणून उरणार. शेवटी तू एक चपटा दगड शोधून आणलास आणि व्हॉल्व्हवर ठेवलास. बाबांनी त्या दिवशी तुझी पाठ थोपटली होती. ते फार थोपटणारे नाहीत, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आणि मग काही वर्षांनी जेवणाच्या टेबलावर तू क्वीन्सलंडच्या कोळशाच्या खाणीतल्या नोकरीचं सांगितलंस. मी मटण वाढत होते. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "कोळसा खणणारे हात या घराच्या दाराला लावायचे नाहीत." तू म्हणालास, "तुमच्या छतावरच्या त्या सोलरच्या काचा कुठल्या विजेवर बनल्या ते विचारून या आधी." आणि निघून गेलास. खरं सांगू, मला तुझं बोलणं अगदी बिनतोड वाटलं होतं, आणि तू ते बोलायला नको होतंस असंही वाटलं होतं. तेव्हापासून चार उन्हाळे गेले. तू त्यांच्या एका शब्दाची वाट बघतोयस, हे तू कधी बोलला नाहीस तरी मला कळतं. आईला एवढंही कळू नये?

आता मधलं सांगते. मार्चमध्ये बाबांनी वरच्या टाकीचा नळ उघडा ठेवला आणि सगळी टाकी वाहून गेली. पाण्याच्या थेंबासाठी माझ्यावर डाफरणारा माणूस. मी शेजारच्या ग्लेनिसला सांगितलं की झाडावरच्या पॉसमने येऊन पाइप चावला. नंतर बॅटऱ्यांच्या खोलीत ते नुसतेच उभे राहिलेले मला दिसायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "बघतोय." मे महिन्यात डॉक्टरकडे नेलं. तिने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर हे म्हणाले, "बाई, तुमच्या भिंतीवर आहे की." मी हसले. डॉक्टर हसली नाही. नंतर तिने मला आजाराचं जे नाव सांगितलं ते इथे लिहीत नाही, तुला कळलंच असेल. मी गाडीत बसून रडले, आणि ते मला विचारत होते की कोणी काही बोललं का तुला.

गेल्या शनिवारी पंपाची चाचणी होती. तुझ्या वेळेसारखीच, दरवर्षीसारखी: शेजारी येतात, मी फ्रूटकेक करते, पंप सुरू होतो, छतावरून कारंजी उडतात आणि पोरं खाली भिजतात. ग्लेनिस आता आग विझवणाऱ्या ब्रिगेडची कॅप्टन आहे, तीही आली होती. बाबांनी पंप सुरू केला. तो नुसता गुरगुरत राहिला. हिवाळ्यात बंद केलेला व्हॉल्व्ह उघडायचा राहिला होता. "एक मिनिट," म्हणाले आणि फावडं घेऊन खणायला लागले. आधी लिंबाजवळ, मग शेडच्या कोपऱ्यावर, मग पायरीखाली. वॉम्बॅटने तिकडची सगळी जमीन उकरून ठेवलीय, दगड इकडचे तिकडे झालेत, पण खरी गोष्ट ती नव्हती आणि तिथल्या सगळ्यांना ते कळत होतं. कोणी केक खाईना. ग्लेनिस हळूच म्हणाली, "मर्व्ह, राहू दे रे, पुढच्या आठवड्यात बघू." त्यांनी घाम पुसला, माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नोल, कॅलमला हाक मार ना. शेडमध्ये असेल. त्याने दगड ठेवलाय, त्याला माहितीय."

मी म्हटलं, तो कामावर गेलाय. "शहाणा पोरगा," ते ग्लेनिसला म्हणाले. "हट्टी आहे, माझ्यावर गेलाय. आला की दाखवेल."

कॅलम, ते भांडण त्यांच्या डोक्यातून गेलंय. मी आडून आडून विचारून बघितलं. खाण आठवत नाही, ते टेबल आठवत नाही, स्वतः काय बोलले ते आठवत नाही. म्हणजे तू ज्या शब्दाची वाट बघतोयस तो आता कधीच येणार नाही, कारण तो ज्यांनी द्यायचा त्यांना आपण काही देणं लागतो हेच ठाऊक नाही. हा तुझ्यावर अन्याय आहे. मला त्यांचा रागही येतो, एवढं करून सहज सुटले म्हणून. आणि तेवढ्यात ते माझ्यासाठी चहा करून आणतात, साखर दोनदा घातलेला.

व्हॉल्व्ह सापडलाय. मंगळवारी बाबा झोपले होते तेव्हा ग्लेनिस लोखंडी सळई घेऊन आली आणि टोचत टोचत तिने तो शोधला. उघडून ठेवलाय, पंप चालतो, घर सुरक्षित आहे. पण तिला मी कोणाला सांगू नकोस म्हटलं आणि तुझा तो चपटा दगड होता तसा परत ठेवला, वर माती लोटली. ती म्हणाली, "नोलीन, तुझंही डोकं फिरलं का?" फिरलं असेल. रोज सकाळी चहा झाला की तुझे बाबा शेडमधून दोन फावडी काढतात आणि पायरीशी टेकवून ठेवतात, एक स्वतःचं, एक तुझं. दुपारपर्यंत फाटकाकडे बघत बसतात. संध्याकाळी दोन्ही पुसून आत ठेवतात आणि म्हणतात, आज त्याला उशीर झाला वाटतं. अजून ते तुझं नाव घेतात. नाताळला घेतील की नाही, डॉक्टरही सांगू शकत नाही. म्हणून लिहिलं. ये, आणि त्यांना तो दगड तूच दाखव.

तुझीच,
आई