अर्धी राहिलेली बाही

चि. चिझुरु,

तू न सांगता घर सोडलंस, तेव्हा तुझा ब्लाउज आजीच्या शिलाई मशीनमध्ये अर्धाच राहिला. मशीन गंजून घट्ट बसलं. कोजिमा गावभरची जुनी मशिनं मी दुरुस्त करतो, पण याला तुझी आई हात लावू देईना.

"दोरा तोडाल," म्हणायची.

काल तिनेच होकार दिला. रॉकेल सोडत, चाक हाताने हलवत मी जीव मुठीत धरून ते सोडवलं. दोरा तुटला नाही. आई लगेच बाही पुरी करायला बसली आणि थांबली.

"अहो, आता तिचा दंड केवढा असेल? खात असेल ना नीट?"

मग तिने आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडून बाही लावली.

तुझा पत्ता नाही. हे पत्र कुठे टाकू?

काळजीत असलेले,
तुझे बाबा