घोडे आणि भाले

ग्लासगो, रविवार

प्रिय बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं, घरात हीटिंग चालू असतं.

सिनेमाचं इतिहास-सल्लागाराचं काम संपलं. चौदाव्या शतकातल्या बॅनकबर्नच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध स्कॉटिश सैन्य बहुतेक पायीच, लांब भाले घेऊन लढलं, हे मी परोपरीने सांगितलं. शूटिंगला घोडेच धावले. किल्ट, तो पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, तेव्हा नव्हताच म्हटलं, तर दिग्दर्शक हसून म्हणाला, "मग प्रेक्षकांना स्कॉटिश कोण ते कसं कळणार?"

आई म्हणते, तुम्ही अजून वाचनालयात जात नाही. जा हो. व्याख्यानात तुम्ही एवढंच म्हणालात की त्या मराठी सिनेमातला प्रसंग कुठल्याच बखरीत नाही. त्यावरून पोरं घरात घुसली, तुम्हाला हात जोडून माफी मागायला लावली आणि मी ते इथे मोबाइलवर बघितलं.

तेव्हा वाटलं, इथे तरी खरं बोलता येतं. येतं, बाबा. कोणी दारावर येत नाही. काल सिनेमा दाखवला, तर शेवटी पडद्यावर माझे आभार मानलेत, नाव आडनावासकट अगदी बरोबर.

अख्ख्या सिनेमात तेवढंच बरोबर आहे.

तुमची,
कस्तुरी