काकांच्या गाडीतला पिवळा दिवा

१० जानेवारी

तीन आठवडे लिहायचं टाळलं. काकांची गाडी चालू करायचंही टाळलं — दोन्ही एकदमच कबूल करते.

भालचंद्रकाका लग्नाला दिल्लीहून नागपूरला गेले तेव्हा चावी देऊन म्हणाले होते, "एक दिवसाआड दहा मिनिटं इंजिन चालू ठेव. कॉलनीबाहेर न्यायची नाही. नीट सांभाळलीस तर जूनमध्ये स्पितीला घेऊन जा." स्पिती! त्याच दिवशी नकाशा आणला, लाल पेनाने रस्ता आखला, आणि गाडी विसरले.

आज चावी फिरवली. नुसतं टक्.

११ जानेवारी

व्हिडिओ बघून बॅटरी काढली, टोकांवरचा पांढरा थर गरम पाणी-सोड्याने घासला, दिवसभर चार्ज करून परत बसवली. सुरू झाली! पार्किंगमध्येच नाचले. मग बघते तर समोर पिवळा दिवा — इंजिनाचं चित्र. आधी नव्हता.

रूममेट रसिका म्हणाली, "त्यावर टिकली लाव, यार."

लावून पाहिली. टिकलीच पिवळी दिसते.

१३ जानेवारी

मेकॅनिक श्यामजींनी एक वायर बोटाने हलवली आणि हसले. "मैडम, ढीला छोड़ दिया था." घट्ट केली. "अब लंबा चलाओ. बीच-बीच में बंद करके फिर चालू करो. बत्ती खुद चली जाएगी."

म्हणजे भटकायचं आणि वाटेत थांबत राहायचं. मला हे जन्मापासून येतं.

काका परवा येतायत. उद्याच निघायचं.

१४ जानेवारी, सकाळ

दिल्लीबाहेर पडून हायवेवर मुरथलला पराठे — बंद, चालू. दिवा आहे. पुढे पेरू दिसले — बंद, चालू. आहेच. मग रसिकाला उसाचा रस हवा झाला, मला गुऱ्हाळ बघायचं होतं. बंद. चालू.

गेला! रसिकाने माझ्या गालावर पेरूचा हात पुसला.

पानिपत आता जवळच. "काला अंबला जाऊ, लढाईच्या स्मारकावर," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा माळी सोडून कोणी नव्हतं. आपल्याला कोण ओळखणार?" बिल्कुल.

१४ जानेवारी, काला अंब

भगवे झेंडे, फेटे, जिकडेतिकडे मराठी. आज पानिपतचा स्मृतिदिन — आणि मी सकाळी स्वतःच्या हाताने वर तारीख लिहिली होती. अख्खी मराठी दिल्ली इथे लोटलीय.

परत फिरणार तेवढ्यात दिल्लीच्या मराठी मंडळाची बस आमच्या मागे आडवी लागली. गाडीतच बसून लिहितेय. बसमधून भालचंद्रकाका उतरलेत, नागपूरहून एक दिवस आधीच परतलेले. आमच्या नंबरप्लेटकडे बघत उभे आहेत.

दिवा तरी विझलाय.